लडाखच्या ईशान्य सीमेचे जुने नकाशे : एक साधनचिकित्सा

१

१९६० सालच्या जून ते डिसेंबर या अवधीत भारत व चीन या दोन देशांच्या अधिकाऱ्यांच्या बैठकी पेकिंग, दिल्ली आणि रंगून येथे भरल्या. उभय पक्षांनी आपापल्या सीमारेषेच्या समर्थनार्थ करारमदार, महसुलाचे कागद व प्रवासवृत्ते यांच्या जोडीला जुने नकाशेही पुढे मांडले. या चर्चेचा अहवाल फेब्रुवारी १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. तो वाचताना एक गोष्ट विशेष लक्षात येते. दोन्ही बाजूंनी नकाशांना साक्षीदार म्हणून उभे केले. परंतु त्या साक्षीदारांची उलटतपासणी मात्र प्रत्येकाने प्रतिपक्षाच्या नकाशांपुरतीच केली. आपल्या बाजूने बोलणारा नकाशा कोणी काढला, काय पाहून काढला आणि कशासाठी काढला, हे प्रश्न बहुधा मागेच राहिले.

राजनीतीच्या व्यवहारात हे साहजिक आहे. वकील आपल्या साक्षीदाराला अडचणीचे प्रश्न विचारीत नाही. परंतु पुढे याच नकाशांचा उपयोग इतिहासाच्या अभ्यासकांनी केला, तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांनी वकिलाचीच पद्धत उचलली. अमुक इतके नकाशे या बाजूचे, तमुक इतके त्या बाजूचे, अशी मोजदाद होऊ लागली. महाराष्ट्रातील इतिहाससंशोधनाची परंपरा या बाबतीत अधिक कठोर आहे. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला तेव्हापासून, जुना कागद हाती आला की तो अस्सल की नक्कल, त्याची मिती जुळते की नाही, लिहिणारा प्रसंगी हजर होता की ऐकीव सांगतो, हे आधी तपासावयाचे, असा शिरस्ता येथे पडला. पत्राला लावलेली ही कसोटी नकाशाला लावावयास कोणतीच हरकत नाही. लडाखच्या ईशान्य कोपऱ्याच्या, म्हणजे अक्साई चिन व त्याच्या आसपासच्या प्रदेशाच्या, काही नकाशांना ती लावून पाहणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. सार्वभौमत्वाच्या वादाचा निवाडा करणे हा त्याचा विषय नव्हे.

२

प्रथम भूमीचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. कारण नकाशाकारांच्या अडचणींचे मूळ तेथेच आहे. पर्वतप्रदेशात सीमा ठरविताना पाणलोटाची रेषा धरावी, अशी सर्वसाधारण समजूत असते. एका बाजूचे पाणी आपले, दुसऱ्या बाजूचे पाणी शेजाऱ्याचे, हा नियम समजावयास सोपा असतो. परंतु लडाखच्या या कोपऱ्यात तो लागू पडत नाही. गलवान व चांगचेन्मो या नद्या पश्चिमेकडे वाहत जाऊन श्योकला मिळतात आणि श्योकचे पाणी सिंधूत जाते. काराकाश ही नदी उत्तरेकडे वळून कुनलुन पर्वत ओलांडते व खोतानच्या वाळवंटाकडे जाते. या दोहोंच्या मध्ये लिंगझीथांग व अक्साई चिन यांची सुमारे सोळा-सतरा हजार फूट उंचीची पठारे आहेत, आणि तेथील बरेचसे पाणी कोणत्याही समुद्राकडे न जाता तेथल्याच खाऱ्या सरोवरांत आटून जाते. तात्पर्य, येथे पाणलोटाची रेषा एक नसून निदान दोन आहेत, आणि त्या दोहोंमध्ये कोणत्याच बाजूला न वाहणारा विस्तीर्ण प्रदेश पसरलेला आहे. 'डोंगराच्या माथ्यावरून जाणारी सीमा' असे शब्द कागदावर लिहिणे सोपे. पण कोणत्या डोंगराचा माथा, हा प्रश्न या ठिकाणी शिल्लकच राहतो.

त्यातच या पठारावर कायमची वस्ती नव्हती. उन्हाळ्यात गुरे घेऊन येणारे चांगपा धनगर, मीठ नेणारे लोक आणि यारकंद-लेह मार्गावरील काफिले एवढीच काय ती तेथील वर्दळ. गाव नाही, शेत नाही, म्हणून शेतसारा नाही आणि म्हणून चतुःसीमा लिहिणारा कारकूनही नाही. नकाशाकाराला गावोगावच्या पाटील-कुलकर्ण्यांना विचारून हद्द लिहून घेण्याची सोय मैदानी मुलखात असते. येथे ती मुळातच नव्हती.

३

या डोंगराळ सीमाप्रदेशाच्या युरोपीय नकाशांची परंपरा अठराव्या शतकापासून सुरू होते. चीनचा बादशहा कांगशी याच्या आज्ञेने जेझुइट पाद्र्यांनी १७०८ ते १७१८ या काळात साम्राज्याची मोजणी केली. तिबेटात पाद्री स्वतः गेले नाहीत. गणिताचे शिक्षण दिलेले दोन लामा तिकडे पाठविण्यात आले. पश्चिम तिबेटात त्यांचे काम चालू असतानाच १७१७ साली झुंगर मोंगलांची स्वारी आली आणि लामांना घाईने परत फिरावे लागले. गंगेच्या उगमाविषयी त्यांनी कैलासाच्या परिसरात जे ऐकले तेच त्यांनी आपल्या नकाशात उतरविले. हे सर्व साहित्य पॅरिसला गेले. तेथे दांव्हील या नामांकित भूगोलवेत्त्याने त्यावरून नकाशे सिद्ध केले. ते द्यु आल्द याच्या चीनविषयक ग्रंथात १७३५ साली आणि स्वतंत्र संग्रहाच्या रूपाने १७३७ साली प्रसिद्ध झाले. दांव्हीलने आयुष्यात आशियात पाऊल ठेवले नव्हते.

या नकाशात गंगा कैलासाजवळच्या सरोवरांतून निघून पश्चिमेकडे वाहताना दाखविली आहे. पुढे रेनेलने १७८२ साली हिंदुस्थानचा जो प्रसिद्ध नकाशा काढला त्यातही हीच गंगा आली. रेनेल हा बंगालच्या मोजणीचा कसलेला अधिकारी होता. ज्या मुलखातून तो स्वतः हिंडला त्याचे त्याचे काम आजही आदराने पाहिले जाते. परंतु हिमालयापलीकडे त्याची दृष्टी पोहोचत नव्हती, आणि तेथे त्याला दांव्हीलचा आधार घ्यावा लागला. १८०८ साली वेब, रेपर व हिअर्सी हे गंगोत्रीच्या दिशेने गेले, तेव्हा गंगेचा उगम हिमालयाच्या अलीकडेच आहे असा निष्कर्ष निघाला. १८१२ साली मूरक्रॉफ्ट व हिअर्सी गोसाव्यांच्या वेषात मानसरोवरापर्यंत जाऊन आले आणि त्या सरोवरातून गंगा निघत नाही याची खातरजमा झाली. म्हणजे ऐकीव माहितीवर आधारलेली एक रेघ पाऊणशे वर्षांच्या आसपास युरोपातील उत्तमोत्तम नकाशांत टिकून राहिली.

या उदाहरणातून जो धडा घ्यावयाचा तो असा : एकच चूक पाच नकाशांत आढळली म्हणजे पाच साक्षीदार झाले असे होत नाही. मूळ साक्षीदार एकच, आणि तोही ऐकीव सांगणारा. उरलेले चार त्याचे नक्कलकार होत. नदीच्या बाबतीत जे घडले ते सीमारेषेच्या बाबतीत घडणे तर अधिकच सोपे आहे. नदी निदान जमिनीवर दिसते. ती खोटी ठरविण्यास कोणी तरी चालत जाऊ शकतो. सीमारेषा जमिनीवर दिसत नाही, त्यामुळे तिची नक्कल खोटी ठरविण्यास कोणीच निघत नाही.

४

१८४६ च्या मार्चमध्ये अमृतसरचा तह झाला आणि जम्मूचे गुलाबसिंह काश्मीर व लडाखसह त्या राज्याचे धनी झाले. राज्याची पूर्व सीमा आयुक्तांनी आखावी असे तहात ठरले. त्याप्रमाणे १८४६ साली व्हॅन्स अॅग्न्यू व अलेक्झांडर कनिंगहॅम यांची, आणि १८४७ साली कनिंगहॅम, हेन्री स्ट्रॅची व थॉमस थॉम्सन यांची नेमणूक झाली. पश्मिन्याच्या लोकरीचा व्यापार इंग्रजी मुलखाकडे वळावा, हा या उद्योगामागील एक उघड हेतू होता. तिबेटी अथवा चिनी बाजूने कोणीही अधिकारी या कामात सामील झाला नाही. स्ट्रॅचीने दक्षिणेकडून पँगाँग सरोवराच्या परिसरापर्यंतचा प्रदेश पाहिला आणि १८५१ साली पश्चिम नारीचा नकाशा सिद्ध केला. थॉम्सन १८४८ साली काराकोरम घाटापर्यंत जाऊन आला. कनिंगहॅमचा लडाखवरील ग्रंथ १८५४ साली निघाला.

स्ट्रॅचीचा नकाशा हा या विषयातील फार मोलाचा कागद आहे, आणि त्याचे मोल त्याच्या मर्यादेतच आहे. जेथवर तो चालत गेला, लोकांना विचारीत गेला, तेथवरची त्याची रेषा एका सावध निरीक्षकाची साक्ष होय. जेथे त्याची वाट संपली त्याच्या उत्तरेस त्याची साक्षही संपते. परंतु या नकाशाचा पुढे ज्यांनी आधार घेतला त्यांनी ही वाट कोठे संपली याची चौकशी क्वचितच केली. पँगाँगपर्यंतच्या पाहणीला मिळालेली प्रतिष्ठा त्यांनी पलीकडच्या अपाहणीलाही बहाल केली. वस्तुतः नकाशाच्या कागदावर पाहिलेला व न पाहिलेला मुलूख यांच्यामध्ये कोणतीही भिंत नसते. ती भिंत वाचकाने मनात उभारावयाची असते.

५

जे नाव या वादात सर्वाधिक गाजले ते डब्ल्यू. एच. जॉन्सनचे. १८५५ पासून माँटगोमेरीच्या नेतृत्वाखाली काश्मीरची त्रिकोणमितीय मोजणी चालू होती. जॉन्सन हा तीतील एक साहाय्यक. १८६५ साली तो लेहहून निघाला, अक्साई चिनचे पठार ओलांडले आणि खोतानच्या शासकाच्या निमंत्रणावरून थेट खोतानला जाऊन आला. या दूरच्या फेरीला सरकारची पूर्वपरवानगी नव्हती व त्याबद्दल त्याला ठपका मिळाला. पुढे त्याने सरकारी नोकरी सोडली आणि काही काळानंतर महाराजांच्या चाकरीत शिरून लडाखचे वजीरपद मिळविले. त्याच्या प्रवासाचा नकाशा १८६७ साली प्रसिद्ध झाला. त्यात काश्मीर राज्याची सीमा काराकोरमच्या पलीकडे कुनलुनपर्यंत गेलेली असून शाहिदुल्ला हे ठाणेही राज्याच्या आत दाखविले आहे.

जॉन्सनविषयी दोन टोकांची मते प्रचलित आहेत. एका मताप्रमाणे तो महाराजांना खूष करू पाहणारा मनुष्य असून त्याची रेषा केवळ खुशामत आहे. दुसऱ्या मताप्रमाणे तो प्रत्यक्ष जागेवर गेलेला मोजणीदार असून त्याची रेषा निर्णायक आहे. दोन्ही मते नकाशाऐवजी माणसाच्या चारित्र्याचा विचार करतात. येथे महत्त्वाचे आहे ते साल. १८६० नंतरच्या दशकात पूर्व तुर्कस्तानात बंडाळी माजून चिनी सत्ता नाहीशी झाली होती. खोतान, यारकंद व काशगर येथे निरनिराळे स्थानिक सत्ताधारी उभे होते. त्याच सुमारास महाराजांचे पहारेकरी काही काळ शाहिदुल्लास होते. १८६७ च्या सुमारास ते तेथून उठले. १८७७-७८ मध्ये चिनी सैन्याने तुर्कस्तान पुन्हा जिंकले, १८८४ मध्ये सिंकियांग प्रांताची स्थापना झाली आणि १८९२ मध्ये काराकोरम घाटात चिन्यांनी आपला स्तंभ उभारला. या पार्श्वभूमीवर जॉन्सनची उत्तरेकडील रेषा वाचली म्हणजे ती काय सांगते हे स्पष्ट होते. १८६५ साली, शेजारचे घर रिकामे असताना, महाराजांच्या दरबाराची पोच व आकांक्षा कोठवर गेली होती, याची ती साक्ष आहे. ती खोटी मानण्याचे कारण नाही. तथापि १८६५ ची साक्ष १८४२ च्या लडाख-तिबेट तहातील 'जुन्या सीमे'ला मागे नेऊन जोडता येत नाही, तशीच १८९२ लाही पुढे नेऊन जोडता येत नाही.

जॉन्सनच्या माहितीचा उपयोग १८६८ साली वॉकरच्या देखरेखीखाली निघालेल्या तुर्कस्तानच्या नकाशात झाला. वॉकर हा त्रिकोणमितीय मोजणीचा प्रमुख. त्यामुळे एका साहाय्यकाच्या धावत्या प्रवासातील रेषेला खात्याच्या शिक्क्याचे वजन प्राप्त झाले. नकाशाच्या व्यवहारात प्रतिष्ठा कशी वाढत जाते हे पाहण्यासारखे आहे. प्रत्येक नव्या प्रतीबरोबर कागद अधिक सुबक होतो, अक्षर अधिक सुरेख होते, काढणाऱ्याचा हुद्दा अधिक मोठा होतो. माहिती मात्र आहे तेवढीच राहते.

या पार्श्वभूमीवर फ्रेडरिक ड्रू याचे काम उठून दिसते. ड्रू हा भूगर्भशास्त्रज्ञ. त्याने महाराजांच्या सेवेत सुमारे दहा वर्षे काढली आणि काही काळ लडाखचा कारभारही पाहिला. १८७५ साली प्रसिद्ध झालेल्या जम्मू-काश्मीर राज्यावरील त्याच्या ग्रंथात, काराकोरम घाटापासून चांगचेन्मोच्या माथ्यापर्यंतची सीमा ही संशयास्पद असल्याचे त्याने स्पष्टपणे नमूद केले आहे. हद्दीचा सर्वांत मोठा लाभ ज्या धन्याला झाला असता त्याचाच हा अधिकारी. लडाखचा कारभार पाहिलेला. आणि तरीही तो हद्द ठाऊक नसल्याचे सांगतो. साधनचिकित्सेचा सर्वसाधारण नियम असा आहे की, साक्षीदार स्वतःच्या हिताविरुद्ध बोलतो तेव्हा त्याचे बोलणे अधिक विश्वसनीय समजावे. या नियमाने पाहता ड्रूची अनिश्चितता ही जॉन्सनच्या निश्चित रेषेपेक्षा अधिक बळकट साधन ठरते. परंतु वादाच्या वाङ्मयात ड्रू फारसा कोणाच्या उपयोगी पडला नाही. ज्याला ठामपणे सांगावयाचे असते त्याला 'ठाऊक नाही' असे म्हणणारा साक्षीदार नकोच असतो.

६

एका राष्ट्राचा नकाशा दुसऱ्याने उतरवून घेतला म्हणजे काय होते, याचे बोलके उदाहरण चीनच्या बाजूला सापडते. होंग जुन हा चीनचा रशियातील वकील. त्याने तेथे मिळविलेल्या रशियन नकाशांवरून चीन-रशिया सीमेचा नकाशा भाषांतरित करवून १८९० साली काढला. मूळ नकाशा रशियन असल्यामुळे पामीरकडील सीमा रशियाला सोयीची होती, आणि भाषांतराबरोबर ती रेषाही चिनी कागदावर आली. पामीरचा वाद पेटला तेव्हा पेकिंगमध्ये होंग जुनवर दोषारोप झाले. त्याने कोणताही तह केला नव्हता; केवळ परक्या नकाशाची नक्कल केली होती.

हाच नकाशा लडाखच्या प्रश्नातही येतो. १४ मार्च १८९९ रोजी इंग्रज वकील क्लॉड मॅकडोनल्ड याने चिनी परराष्ट्रखात्याला एक पत्र देऊन हुंझा व लडाख यांच्या उत्तर सीमेविषयी प्रस्ताव केला. त्यातील रेषा काराकोरमच्या माथ्यावरून येऊन पुढे लोकझुंग डोंगररांगेने जाते व अक्साई चिनचे दोन भाग करते. सीमेचे वर्णन शब्दांनी केलेले असून, चिनी अधिकाऱ्यांच्या समजुतीसाठी होंग जुनच्या नकाशाकडे बोट दाखविलेले आहे. म्हणजे इंग्रज सरकारने काश्मीरच्या सीमेविषयी चीनपुढे मांडलेला प्रस्ताव एका रशियन नकाशाच्या चिनी नकलेवर वाचावयाचा होता. चीनने या पत्राला उत्तर दिले नाही.

या प्रस्तावाच्या दोनच वर्षे आधी, १८९७ मध्ये, लंडनच्या लष्करी गुप्तवार्ता विभागाचा प्रमुख जॉन आर्डा याने सीमा कुनलुनच्या माथ्यापर्यंत न्यावी असे सुचविले होते आणि हिंदुस्थान सरकारने ते अमान्य केले होते. रशियाच्या भयाचे पारडे जसे वर-खाली होई तशी कागदावरची रेषा शेकडो चौरस मैलांनी पुढे-मागे सरके. या रेषांना 'जॉन्सन रेषा', 'आर्डा रेषा', 'मॅकार्टनी-मॅकडोनल्ड रेषा' अशी नावे देण्याचा प्रघात पडला आहे. ही नावे सोयीची असली तरी ती घातक आहेत. पाहणीची रेषा, लष्करी सल्ल्याची रेषा आणि उत्तर न मिळालेल्या प्रस्तावाची रेषा या तिन्ही निरनिराळ्या जातीच्या वस्तू होत. त्यांना एकाच तऱ्हेची नावे देऊन एकाच नकाशावर निरनिराळ्या रंगांनी काढले की, त्या एकाच जातीच्या वाटू लागतात.

७

विसाव्या शतकातील नकाशांत चिकित्सेचा आणखी एक विषय येतो, तो तारखेचा. त्यासाठी क्षणभर लडाख सोडून हिमालयाच्या पूर्व टोकाकडे पाहिले पाहिजे. १९१४ च्या मार्चमध्ये मॅकमहोन व तिबेटी प्रतिनिधी यांच्यात पत्रांची देवघेव होऊन तेथील सीमा नकाशावर रेखाटण्यात आली. एचिसनच्या तहसंग्रहाचा चौदावा खंड १९२९ साली निघाला तेव्हा त्यात या पत्रांचा समावेश नव्हता. १९३८ मध्ये त्या खंडाची नवी आवृत्ती ही पत्रे घालून छापण्यात आली. पण मुखपृष्ठावर साल मात्र १९२९ हेच ठेवण्यात आले आणि जुन्या प्रती परत मागविण्यात आल्या. मूळच्या काही थोड्या प्रती वाचल्या म्हणून ही गोष्ट पुढे उघडकीस आली. यावरून मूळ पत्रव्यवहार खोटा ठरत नाही; १९१४ ची पत्रे व नकाशा १९१४ चेच आहेत. परंतु छापील सालावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, हा धडा त्यातून मिळतो. मोजणी कोणत्या वर्षी झाली, रेखन कोणत्या वर्षी झाले, छपाई कोणत्या वर्षी झाली आणि सीमेची रेषा कोणत्या आवृत्तीत भरली गेली, या चार तारखा बहुधा वेगळ्या असतात.

पुन्हा लडाखकडे वळल्यावर हे भान उपयोगी पडते. भारतीय मोजणी खात्याच्या १९५० च्या नकाशात काश्मीरच्या या भागाची सीमा अनिश्चित म्हणून दर्शविली होती. १९५४ नंतरच्या नकाशांत ती निश्चित रेषेने आली. चिनी नकाशांची स्थितीही काही वेगळी नाही. १९१७ च्या चिनी डाकखात्याच्या नकाशासंग्रहाचा हवाला भारतीय पक्षाने स्वतःच्या बाजूने दिला. १९५४ साली चीनच्या पंतप्रधानांनी नेहरूंना सांगितले की, प्रचारातील चिनी नकाशे ही जुन्या राजवटीच्या नकाशांची पुनर्मुद्रणे आहेत. त्यानंतर १९५६ चा नकाशा बरोबर असल्याचे चीनने कळविले, आणि १९६० च्या बैठकीत दिलेल्या नकाशातील रेषा काही ठिकाणी त्याच्याही पश्चिमेस गेली. दोन्ही बाजूंच्या कागदांतून एकच क्रम दिसतो : आधी अनिश्चितता, मग निश्चित रेषा, आणि त्यानंतर ती रेषा पहिल्यापासूनच निश्चित होती असे प्रतिपादन.

आंतरराष्ट्रीय न्यायालयांनी नकाशांविषयी जी भूमिका घेतली ती या संदर्भात उद्बोधक आहे. १९२८ साली पाल्मास बेटाच्या लवादात माक्स ह्युबर यांनी नकाशांचा पुरावा अत्यंत सावधपणे घ्यावा असे बजावले. १९८६ साली बुर्किना फासो व माली यांच्या वादात, अधिकृत करारास जोडलेला नसेल तर नकाशा केवळ अस्तित्वात आहे एवढ्याने प्रदेशावरील हक्क सिद्ध करीत नाही, असे ठरले. दुसऱ्या बाजूला १९६२ चा प्रिआ विहारच्या मंदिराचा निकाल आहे. तेथे तहाने पाणलोटाची रेषा सांगितली होती, फ्रेंच अधिकाऱ्यांच्या नकाशाने मंदिर कंबोडियाच्या बाजूला दाखविले होते, आणि सयामने अनेक वर्षे त्यास हरकत घेतली नव्हती. या मौनामुळे नकाशा ग्राह्य ठरला. हे निकाल परस्परविरोधी नाहीत. नकाशाला स्वतःचे बळ नसते. ज्या व्यवहारात तो वापरला गेला त्या व्यवहाराचे बळ त्याला मिळते, हेच तत्त्व तिन्हींतून निघते. लडाखच्या कोपऱ्याचा कोणताही जुना नकाशा उभयपक्षी मान्य झालेल्या करारास जोडलेला नाही. म्हणून त्यांची संख्या कितीही वाढविली तरी त्यांतून हक्काची बेरीज होत नाही.

८

या विषयावरील आधुनिक वाङ्मयात अॅलिस्टर लँब यांचे १९६४ व १९७३ मधील ग्रंथ महत्त्वाचे आहेत. नकाशावरील रेषेच्या मागे कोणती टिपणे, कोणते शेरे व कोणती भीती उभी होती, हे त्यांनी सरकारी दप्तरांवरून दाखविले, आणि रेषेला तिचे चरित्र मिळवून दिले. हा मोठा गुण होय. परंतु त्यांची दृष्टी लंडन व कलकत्ता येथील मेजांवर खिळलेली आहे. इंग्रज अधिकाऱ्याला सीमा कोठे असावी असे वाटत होते, या प्रश्नाचे उत्तर ते उत्तम देतात. लडाखच्या लोकांचा तेथील वावर कोठवर होता हा प्रश्न मात्र गौण राहतो. १९६१ च्या अहवालातील भारतीय बाजूची मांडणी सर्वपल्ली गोपाळ यांच्या इतिहास विभागाने जमविलेल्या साधनांवर उभी होती. तीत चराई, मीठ, सारा, पोलिसी गस्त यांसारख्या स्थानिक व्यवहारांचे पुरावे पुष्कळ आहेत आणि हे तिचे खरे बळ होय. त्या पुराव्यांच्या शेजारी नकाशांची लांबलचक यादी ठेवल्याने मांडणी बळकट होण्याऐवजी दुबळी झाली; कारण प्रतिपक्षाला यादीतील कच्चे नकाशे निवडून हल्ला करणे सोपे गेले.

नकाशांनी सर्वांत जास्त अन्याय केला तो या स्थानिक माणसांवर. प्रत्येक साहेबाच्या प्रवासामागे घोडेवाले, हमाल व वाटाडे होते; पाणी कोठे मिळेल, घोड्यांना गवत कोठे मिळेल, हे त्यांना ठाऊक होते. साहेबाने त्यांना विचारून कागदावर नाव लिहिले आणि नकाशाखाली सही स्वतःची केली. गलवान नदी हा याला एक दुर्मिळ अपवाद. लेहचा काफिलावाला गुलाम रसूल गलवान याच्या नावाने ती ओळखली जाते. अनेक युरोपीय प्रवाशांची चाकरी केलेल्या या मनुष्याचे इंग्रजी आत्मवृत्त १९२३ साली प्रसिद्ध झाले. १५ जून २०२० च्या रात्री त्याच नदीच्या खोऱ्यात भारत व चीन यांच्या सैनिकांत झटापट होऊन २० भारतीय सैनिक मृत्युमुखी पडले. सीमारेषेच्या अनिश्चिततेची किंमत ग्रंथालयात मोजली जात नाही, याचे यापेक्षा वेगळे स्मरण करून देण्याची गरज नाही.

म्हणून या नकाशांकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याने प्रत्येक रेषेला चार प्रश्न विचारावेत. ही रेषा काढणाऱ्याने पाहिली, ऐकली, उतरवून घेतली की सुचविली? त्याची वाट कोठे संपली? रेषेची तारीख आणि कागदाची तारीख एकच आहे काय? आणि ज्याच्या विरुद्ध ती जाते त्या शेजाऱ्याने ती कधी मान्य केली काय? या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर पुष्कळसे नकाशे पुराव्याच्या ढिगातून बाहेर पडतील आणि जे उरतील त्यांच्यात स्ट्रॅचीची अर्धवट थांबलेली पाहणी व ड्रूची संशयित सीमा यांचे स्थान वरचे असेल. या दोघांनी आपले अज्ञान लपविले नाही. त्यांच्यानंतरच्या नकाशांनी ती मोकळी जागा भरून काढली. ती कशाने भरली, हे तपासण्याचे काम अभ्यासकाकडे राहते.